राहिलेली लाथ

ज्या बाईच्या लाथेनं पंचक्रोशीची उसण जाते, तिच्याच कमरेनं दगा दिला तर तिनं कुणाच्या दारात जावं? गेल्या हिवाळ्यापर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पडला तेव्हा पार अंथरुणावर आडवी करूनच पडला. त्याचं उत्तर आमच्या देवीनं, येडाईनं, ज्या रीतीनं दिलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो आणि पाठोपाठ हसूही येतं, कारण त्या उत्तराला शेळीचा वास होता. हे सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या भूमकडच्या खेड्यांत अशा माणसाच्या पायात गुण असतो असं मानतात. कुणाच्या कमरेत उसण भरली, कळ येऊन माणूस वाकडा झाला, की तो सकाळी पायाळूच्या दारात येतो आणि पालथा झोपतो. पायाळूनं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं आणि उजव्या पायानं त्याच्या कमरेला तीनदा लाथ लावायची. लाथ म्हणायची एवढंच, असतो तो नुसता स्पर्श. मग माणसाला पाय लागला म्हणून पायाळूनंच वाकून त्याला नमस्कार करायचा. पैसा घ्यायचा नाही आणि आलेल्याला परत लावायचं नाही, हे दोन नियम आईनं मला लहानपणीच घालून दिले होते. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. त्यामुळे आभाळ गडगडलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला आधी घरात ओढायच्या आणि मग बाकी सगळ्यांना माझ्यापासून लांब बसवायच्या.

यात खरं किती आणि समजूत किती, याचा वाद मी कधी घातला नाही. लोक वाकडे यायचे आणि सरळ होऊन जायचे. त्याचं श्रेय मी येडाईला द्यायचे, येरमाळ्याच्या डोंगरावर बसलेल्या आमच्या आईला. थोडंसं पायालाही द्यायचे म्हणा, उगाच खोटं कशाला बोलू!

आमची खव्याची भट्टी आहे. दिवसभर कढईपुढं उभं राहून लांब दांड्याच्या उलथण्यानं दूध हलवत राहायचं, हात थांबला की खवा खाली लागला. एका सकाळी भरलेला दुधाचा कॅन उचलला आणि तसाच कढईकडं वळले. कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. दूध सगळं जमिनीवर आणि मी त्या दुधात. आमचे हे धावत आले, पण मला हात लावू देईना मी. श्वास घेतला तरी कळ येत होती.

भूमच्या डॉक्टरांनी तपासलं, पाय सरळ ठेवून वर उचलून पाहिला आणि मणक्यामधली गादी सरकली असावी असं सांगितलं. घाबरू नका म्हणाले. बहुतेकांचं हे ऑपरेशनशिवाय बरं होतं. थोडे दिवस आराम, मग हळूहळू चालणं, गोळ्या, आणि वजन उचलायचं नाही. शेवटी त्यांनी बोट वर करून एक गोष्ट बजावली, की पायातली ताकद गेली, पाय बधिर पडला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, वाट बघत बसायचं नाही. मी ऑपरेशनशिवाय बरं होतं एवढंच पदराला बांधलं आणि बाकीचं तिथंच सोडून आले. मणक्याला चाकू लागला की माणूस उठत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी भट्टीतल्या विटेनं शेक दिला, लसणाचं तेल चोळलं. आठवडा गेला, फरक नाही. मग माझ्याच मनानं घेतलं की पायाळूच्या कमरेला दुसरा पायाळूच पाहिजे. शेजारच्या गावात एक म्हातारे पायाळू होते. त्यांना आणवलं. एवढ्या नावाजलेल्या बाईला आपली लाथ लावायची म्हणून ते इतके हरखले, की त्यांनी स्पर्शाच्या जागी मनापासून लाथ घातली. माझ्या तोंडातून आवाजही फुटला नाही. त्या दिवसापासून कळ कमरेतून निघून मांडीमागनं पिंढरीत आणि पिंढरीतून अंगठ्यापर्यंत तापलेल्या तारेसारखी जाऊ लागली. म्हातारे जाताना म्हणाले होते, दुखणं खाली सरकलं की समजायचं निघालं.

आणि खरंच निघालं की! दोन-चार दिवसांनी सकाळी जाग आली तर पायातली तार विझलेली. मी टकामका बघतच राहिले. कूस बदलली तरी कळ नाही. मी ओरडूनच घर जागं केलं. आत्याबाईंनी डोंगराच्या दिशेनं हात जोडले, ह्यांनी ताजा खवा साखर घालून आळीत वाटला. मी उठून भिंतीला धरून परसात गेले. उजव्या पायातली चप्पल दोनदा गळून पडली, उंबऱ्याला अंगठा ठेचला, पण त्याचं मला काही वाटलं नाही. इतके दिवस पडून होते, पायात जोर कुठून असणार, असं मीच सगळ्यांना समजावलं. ठेचलेल्या अंगठ्यातून रक्त आलं होतं आणि तो दुखत नव्हता. हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्या आनंदात मी येडाईला सांगूनही टाकलं, की चैत्राच्या यात्रेला तुझ्या चुन्याच्या रानात येते आणि माझ्या हातानं पांढरे खडे वेचून तुला वाहते.

बाजाराच्या दिवशी सकाळी दारात एक पिकअप थांबली. मागं शेळ्या बें बें करत होत्या. गाडीतून एक माणूस उतरला, उतरला म्हणजे दाराला लोंबकळत खाली आला. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, एक हात कमरेवर. बेंबळीचे रशीदभाई. शेळ्यांचा व्यापार करायचे. आदल्या संध्याकाळी एक आडमुठी शेळी गाडीत चढवताना कमरेत उसण भरली होती, आणि बाजारच्या वाटेवर अमुक गावात पायाळू बाई आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून वाट वाकडी करून आले होते. ह्यांनी त्यांना सांगितलं की ती स्वतःच आजारी आहे, आज जमायचं नाही. रशीदभाई बिचारे माघारी वळलेसुद्धा. पण आतून ते ऐकून मला राहवेना. दारातून कुणाला परत लावायचं नाही. शिवाय मी बरी झाले होते ना! मीच हाक मारली, आत या म्हणाले.

ओसरीत सतरंजी टाकली. रशीदभाई कण्हत कण्हत पालथे झोपले. मी डाव्या हातानं खांब धरला, डोळे मिटले, येडाईचं नाव घेतलं आणि तीनदा पाय लावला. मग खांबाच्या आधारानं जमेल तेवढं वाकून नमस्कार केला. किती बरं वाटलं म्हणून सांगू. आपलं काम आपल्याला परत मिळालं, असं झालं.

रशीदभाई पडूनच होते. थोडा वेळ गेला. मग त्यांनी मान न उचलता विचारलं, "ताई, कधी लावताय?"

"लावली की. तीनदा लावली."

"मला तर काईच लागलं न्हाय."

मला वाटलं माणूस थट्टा करतो आहे. मी आत्याबाईंकडं पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, तुझा पाय त्यांच्या बाजूला सतरंजीवर टेकत हुता. म्या बघितलं. तुला कळलं न्हाय व्हय?"

मी खाली पाहिलं. उजवं पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. मी त्याला वर हो म्हटलं. सगळा जीव त्या पावलात आणून म्हटलं. मांडी उचलली, गुडघा उचलला, पाऊल काही हललं नाही. अंगठाही नाही. ज्या पायावर माझं नाव होतं, तोच पाय मला ओळख देईना. दुखणं गेलं म्हणून आम्ही साखर घातलेला खवा वाटला होता आणि आता कळत होतं की दुखणं गेलंच नव्हतं, पायच चालला होता. डॉक्टरांचं वर केलेलं बोट तेव्हा मला आठवलं. मी खांबाला धरून खाली बसले.

रशीदभाई उठून बसले होते. त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांचं चाललं होतं की आज राहू द्या, उद्या गाडी बघू, आधी घरात विचार करू. आत्याबाई ऑपरेशन नको म्हणून रडू लागल्या. तेव्हा तो अनोळखी माणूस ह्यांना म्हणाला, "दादा, माझ्या शेळीचा मागचा पाय असा पडला, तर म्या बाजार सोडून दवाखान्याला पळतो. ही तर घरची लक्षुमी हाय. गाडी दारात उभी हाय, आन् तुमी उद्याचं काय बोलता?"

त्यांनी शेळ्या आमच्या गोठ्यात उतरवल्या. एक मात्र उतरेना, तीच ती आडमुठी. शेवटी तिला तशीच ठेवली. गाडीत कडब्यावर आमची गादी टाकली आणि ह्यांनी डोक्याकडून, रशीदभाईंनी पायाकडून धरून मला आडवी उचलून आत ठेवलं. ज्यांच्या कमरेत उसण होती त्यांनी! बाजार बुडाला, व्यापार बुडाला, त्या माणसानं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.

कमरेला हिसका बसू नये म्हणून मी मागं आडवी, हे माझ्या उशाला, शेळी पायथ्याला आणि आत्याबाई पुढं रशीदभाईंच्या शेजारी. धाराशिवचा रस्ता. खड्डा आला की मी आईचं नाव घ्यायचे आणि शेळी बें करायची. थोड्या वेळानं मान उचलून पाहिलं तर ती शेळी माझा उजवा पाय चाटत होती. अगदी तब्येतीत, तळव्यापासून बोटांपर्यंत. तिची खरखरीत जीभ मला दिसत होती, पण तळव्याला गुदगुली नाही, ओलावा नाही, काहीच नाही. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तेव्हा फुटलं. ह्यांना कारण कळेना. मी नुसतं शेळीकडं बोट दाखवलं.

येरमाळा आलं. पडल्यापडल्या मला फळीच्या वरून डोंगर दिसला, डोंगरावरचं देऊळ दिसलं. आजवर मी त्या डोंगराकडं पाहून खूप काही मागितलं होतं. त्या दिवशी मागायचं सुचलंच नाही. मनात एवढंच आलं, की आई, हा पाय माझा आहे असं समजून मी इतकी वर्षं मिरवले. तो माझ्या सांगण्यानं हलत नाही हे आज कळलं. तुझा आहे, तूच बघ. ठेवलास तर तुझ्या कामाला लावीन आणि नाही ठेवलास तरी मी तुझीच. गाडी वळली, डोंगर मागं गेला. पाय होता तसाच बधिर होता, पण छातीतली धडधड थांबली होती. का थांबली ते मला सांगता येणार नाही.

धाराशिवच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पायाचा अंगठा वर करायला सांगितला, मग टाचेवर उभं राहायला सांगितलं, मला दोन्ही जमलं नाही. लगेच मशिनीत घालून मणक्याचा फोटो काढला. तो दाखवत त्यांनी मला विचारलं की पुरणपोळी लाटता का. मी म्हटलं, मराठवाड्यातल्या बाईला हे काय विचारणं झालं? त्या हसल्या. म्हणाल्या, दोन मणक्यांच्या मध्ये अशी पुरणपोळीसारखी गादी असते, बाहेर चिवट आवरण, आत मऊ सारण. वाकून, वळून वजन उचललं की कधीकधी कड फुटते आणि सारण बाहेर येतं. पुष्कळदा ते आपोआप आकसतं, नुसत्या आरामानं आणि व्यायामानं माणूस बरा होतो, चाकू लावायची गरजही पडत नाही. पण माझं सारण पायाकडं जाणाऱ्या नसेवर बसलं होतं. नस आधी ओरडते, ते दुखणं. फार दाबली की ओरडायचीही थांबते. लोकांना वाटतं बरं झालं. मी मान खाली घातली. ह्यांनी आळीत वाटलेला खवा माझ्या डोळ्यांपुढं आला.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं ठरलं. मी विचारलं, मी उठेन ना? त्या म्हणाल्या की उठाल, उद्या संध्याकाळीच उठाल, फक्त पाय परत येईल का हे मला आज सांगता येत नाही. वेळेत आलात, एवढं मात्र नक्की. आणखी आठ दिवस घरी थांबला असता, तर मी एवढीही आशा दाखवली नसती.

आणि ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला खरंच उठवून चालवलं! मणक्याला चाकू लागलेली बाई वॉर्डभर चालते आहे, हे आत्याबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. पण पाऊल तसंच, फरफटत. टाच टेकायच्या आधी बोटं जमिनीवर आपटायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई रोज अंगठ्याला हात लावून म्हणायच्या, याला वर बोलवा. मी बोलवायचे. तो यायचा नाही. घरी आल्यावरही तेच. सकाळ-संध्याकाळ भिंतीला टेकून बसायचं, अंगठ्याकडं बघायचं आणि त्याला बोलवायचं.

मग एक दिवस आत्याबाई माझ्याजवळ बसून लसूण सोलत होत्या आणि त्या आडमुठ्या शेळीनं दवाखान्याच्या दारात कुणाचं तरी केळं कसं पळवलं, ते शेजारणीला रंगवून सांगत होत्या. मी हसत होते, अंगठ्याकडं माझं लक्षही नव्हतं. एकदम आत्याबाई बोलायच्या थांबल्या. हातातला लसूण खाली टाकला आणि माझ्या पायाशी वाकून ओरडल्या, "हलला! अगं, हलला!" मी पाहिलं. म्हटलं, वर ये. आणि तो आला. ज्वारीचा दाणा खाली सरकवता येईल एवढाच आला, पण आला! आम्ही तिघी बायका अशा काही ओरडलो, की भट्टीवरचे हे उलथणं घेऊनच धावत आत आले आणि त्या दिवशीचा खवा खाली लागला. करपला तर करपला. तसा गोड खवा आम्ही पुन्हा खाल्ला नाही.

त्याच दिवशी मी रशीदभाईंना फोन लावला. ते मध्ये एकदा येऊन आपल्या शेळ्या घेऊन गेले होते, पण तेव्हा मी झोपले होते. त्यांच्या कमरेचं विचारलं तर म्हणाले, "ताई, तुमाला उचलून गाडीत ठेवलं ना, तवापासून कंबर काय बोललीच न्हाय." मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की साधी उसण असली तर ती आपोआपच जाते, पण त्यांनी पुन्हा असं काही उचलू नये. दोघांचंही म्हणणं मला खरं वाटतं.

चैत्र आला. येरमाळ्याच्या यात्रेत चुन्याच्या रानात आईची पालखी येते आणि लाखो माणसं रानातले पांढरे खडे वेचून एका जागी वाहतात. मी बोलून बसले होते, पण आता कमरेतून वाकायचं नाही ही सक्त ताकीद. व्यायामाच्या ताईंना विचारलं तर त्यांनी युक्ती शिकवली, पाठ सरळ ठेवायची आणि गुडघे मोडून उकिडवं बसायचं. रशीदभाई म्हणाले, गाडी माझीच. तीच पिकअप, तोच वास, फक्त या खेपेला मी पुढं बसून गेले.

काय ते रान, काय तो उदोकार! गुलालानं माखलेल्या त्या गर्दीत सगळे वाकून वेचत होते आणि मी एकटी लहान पोरासारखी उकिडवी बसून, उठून, पुन्हा बसून खडे वेचत होते. आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. पाच खडे ओंजळीत घेऊन उभी राहिले तेव्हा दोन्ही टाचा जमिनीवर नीट टेकल्या होत्या. मला कायम वाटायचं की लोकांची दुखणी जावीत म्हणून आईनं मला हा पाय दिला. त्या रानात उभं राहिल्यावर कळलं, की माझा पाय वाचावा म्हणून तिनं एका माणसाला दुखणं देऊन माझ्या दारात पाठवलं होतं. देणारी मी कधीच नव्हते. हल्ली कुणी उसण घेऊन आलं तर मी आधी त्याला पायाचा अंगठा वर करायला लावते, टाचेवर चालवते. जमलं नाही तर लाथ नाही, सरळ दवाखाना. जमलं तर मग आहेच आईचं नाव.

गाडीजवळ परत आलो. रशीदभाईंनी गाडीच्या सावलीत सतरंजी टाकली आणि भर यात्रेत त्यावर पालथे झोपले.

मी म्हटलं, "आता काय झालं? कंबर दुखती का?"

"दुखत न्हाय. पर तवाची राहिलीय ना ताई. लागती का न्हाय, बघू तरी."

मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी डोळे मिटले नाहीत, डोंगराकडं लावले. पाय उचलला. पाऊल उचललं गेलं, अंगठा वर आला, आणि तळव्याखाली मला त्यांच्या सदऱ्याचं खरबरीत कापड लागलं, कापडाखालची ऊब लागली. एकदा, दोनदा, तीनदा.

"लागली?" मी विचारलं.

रशीदभाईंनी तोंड सतरंजीतच ठेवलं होतं. "लागली, ताई. चांगली लागली."

रिवाजाप्रमाणे आता मी वाकून नमस्कार करायचा होता. वाकायचं नाही म्हणून गुडघे मोडून मातीत बसले आणि त्यांना हात जोडले. समोर त्यांची पाठ होती, त्यामागं आईचा डोंगर होता, आणि दोघांना मिळून एकच नमस्कार पुरला.